पुरंदर समजून घ्यायचा तर घेऱ्यापासून सुरुवात करा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पुरंदरावर नुसती शिबंदी, म्हणजे राखणीची फौज, होती की खरोखरची वस्ती होती? सासवड, नारायणपूर, जेजुरी या भागाचा गडाशी संबंध काय? आणि एवढा बळकट गड वारंवार एका हातातून दुसऱ्या हातात का गेला? माझ्या मते या तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे आणि ते ठिकाण गडाच्या पायथ्याशी, त्याच्या घेऱ्यात आहे. पुणे प्रांताचे मोडी कागद वाचण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. त्या कागदांत गड लढाईपेक्षा माणसांच्या हिशेबात जास्त भेटतो: कुणाला किती जमीन लावून दिली, कुणी कुठल्या मेटावर (गडाच्या वाटेवरच्या चौकीवर) पहारा करायचा, कुणाचा हक्क कुणी अडवला. पुरंदराबद्दल आज जे बोललं जातं ते बहुतेक १६६५ च्या मोगली वेढ्याच्या अडीच महिन्यांचं असतं. ते मोलाचंच आहे, पण तेवढ्यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

आधी मुलूख बघू. हडपसरहून दिवे घाट चढलात की आपण कऱ्हेपठारावर येतो. कऱ्हा पुरंदराच्या बाजूच्याच डोंगरात उगम पावते, सासवडवरून, जेजुरीजवळून वाहत पुढे बारामतीकडे नीरेला मिळते. गड पठाराच्या पश्चिम कडेला आहे. तिथे पावसाळ्यात आठवडे आठवडे ढग हटत नाहीत, आणि पूर्वेला थोडं गेलं की पावसाची ओढ सुरू होते. बाजरी, ज्वारी, हरभरा, आणि आता अंजीर-सीताफळ, असा हा भाग. म्हणजे गडाला पोसणारा प्रदेश फार श्रीमंत नव्हता. पण वाटा मोलाच्या होत्या. पुण्याहून सासवड, जेजुरी, नीरा करत साताऱ्याकडे जाणारी वाट याच पठारावरून जाते. पश्चिमेला कापूरहोळकडे उतरलं की भोर, शिरवळ आणि मावळ सुरू होतं. या दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवता येईल अशी जागा पुरंदराचीच.

वस्ती गडापेक्षा जुनी आहे. पायथ्याच्या नारायणपूरचं नारायणेश्वराचं देऊळ यादवकाळातलं आहे. सासवडला ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी आहे आणि आजही माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडलाच मुक्कामाला येते. पठाराच्या ईशान्य टोकाला भुलेश्वर. तिथे आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने दौलतमंगळ हा किल्ला उभारला, तो पुणं उद्ध्वस्त केल्यानंतर या भागाचा कारभार चालवण्यासाठी. पुणं बेचिराख झालं तरी कऱ्हेपठार ओस पडू देणं राज्यकर्त्याला परवडत नव्हतं, हे यातून दिसतं.

आता गड. पुरंदर आणि वज्रगड हे जोडकिल्ले, मध्ये भैरवखिंड. पुरंदराला दोन टप्पे आहेत. वरचा बालेकिल्ला, केदारेश्वराचा, अरुंद आणि वाऱ्याचा. त्याखालची माची रुंद. बिनी दरवाज्याने आत आलं की पुरंदरेश्वर, रामेश्वर ही देवळं, पेशवेकालीन वाड्याचे अवशेष, तळी असं सगळं माचीवरच आहे. लोक माची भरभर ओलांडून केदारेश्वराकडे धावतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. पुरंदरावरचं गाव माचीवर होतं. वर तोफा, बुरूज आणि देव.

गाव होतं हे कशावरून म्हणायचं? १६६५ च्या जूनमध्ये तह ठरल्यावर गड खाली झाला, तेव्हा मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या पत्रव्यवहारात बाहेर पडलेल्यांची संख्या येते. सुमारे ७,००० माणसं, त्यांपैकी ४,००० लढणारी. बाकीच्या ३,००० मध्ये बायका-मुलं होती. वेढ्याच्या काळात आसऱ्याला आलेली कुटुंबंही त्यात असणार, पण एवढी माणसं अडीच महिने राहू शकतील इतकी घरं, कोठारं, पाणी गडावर होतं, हे नक्की. आठ वर्षं आधी, १४ मे १६५७ ला, संभाजीराजांचा जन्म याच गडावर झाला होता. राजकुटुंबाने बाळंतपणासाठी निवडावी अशी ती राहती जागा होती.

पण गावाचा मोठा भाग गडावर नव्हताच. तो खाली पसरलेला होता. महसुली दप्तरात आजही ‘घेरा पुरंदर’ हे गाव आहे, तसंच सिंहगडाखाली घेरा सिंहगड. किल्ल्याभोवतीच्या कड्याकपारी, जंगल, वाटा आणि त्यातल्या वाड्या-वस्त्या यांचा मिळून घेरा होत असे. घेऱ्यातली माणसं गडाची राखण करत आणि त्याबद्दल त्यांना जमीन, धान्य, काही हक्क मिळत. पुरंदराच्या बाबतीत यात कोळी नाईक होते, रामोशी होते, महार होते. कोळ्यांकडे पिढ्यान् पिढ्या पहारा. रामोश्यांकडे पायथ्याच्या गावांची आणि वाटांची रखवाली. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस हे सरकारी अधिकारी बदलत राहायचे, राज्य बदललं की तर हमखास बदलायचे. घेरा बदलत नसे. कुठल्या कड्यावरून रात्री माणूस चढू शकतो आणि कुठलं टाकं उन्हाळ्यात आटतं, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं, आणि ते कुठल्याही हुकुमाने दुसऱ्याच्या हाती देता येत नव्हतं.

याच संदर्भात शेंदऱ्या बुरुजाची कथा ऐकायला हवी. बुरूज बांधताना सारखा ढासळत होता, तेव्हा एका महार घरातला मुलगा आणि सून त्याच्या पायात जिवंत पुरले गेले आणि मग बुरूज उभा राहिला, अशी ती कथा बहमनी काळाच्या नावाने सांगितली जाते. कथा म्हणूनच ती घ्यावी. तरी ती सांगितली जाताना पुढे इनाम मिळाल्याचा भाग येतोच येतो. गडाच्या भिंतीत आमचं रक्त आहे म्हणून गडावर आमचा हक्क आहे, असं तीत ठामपणे म्हटलेलं आहे. पर्यटकांना ती नुसती भयकथा म्हणून ऐकवतात. तसं करू नये.

आता तुमचा तिसरा प्रश्न, गड हातचा कसा गेला.

१६४८ मध्ये शहाजीराजांना कर्नाटकात कैद झाली आणि शिवाजीराजांवर आदिलशाही सरदार फत्तेखान चालून आला. तेव्हा पुरंदर आदिलशाहीकडेच होता. किल्लेदार महादजी नीळकंठ हे भोसल्यांच्या घरोब्यातले. त्यांनी राजांना गडाचा आसरा घेऊ दिला. शिरवळ, बेलसर आणि खुद्द पुरंदर अशा झुंजी झाल्या, फत्तेखान मागे हटला, पाठलाग सासवडपर्यंत गेला. बेलसरला बाजी जेधे यांनी निशाण राखलं आणि सासवडच्या झुंजीत बाजी पासलकर पडले, असं परंपरा सांगते. या लढाईकडे स्वराज्याची पहिली मोठी लढाई म्हणून पाहतात आणि ते बरोबरच आहे. पण तिची सुरुवात एका किल्लेदाराने दार उघडण्यापासून झाली. पुढे महादजींच्या पश्चात त्यांच्या मुलांत भाऊबंदकी पेटली, आणि तिचा निवाडा करता करता राजांनी गड ताब्यात घेतला. त्यासाठी वेढा घालावा लागला नाही.

१६६५ च्या मार्चअखेर जयसिंग आणि दिलेरखान यांनी वेढा घातला. जयसिंगाचा तळ सासवडकडच्या बाजूला. त्याने पहिल्यांदा ओळखलं की वज्रगड घेतला तर पुरंदराची माची तोफांच्या टप्प्यात येते. एप्रिलच्या मध्याला वज्रगड पडला. त्यानंतर जे केलं ते माझ्या दृष्टीने तोफांइतकंच महत्त्वाचं. शरण आलेल्या शिबंदीला त्याने मारलं नाही. नायकांना मानाची वस्त्रं दिली आणि घरी जाऊ दिलं. पुरंदराच्या शिबंदीने ते पाहावं, म्हणून. दुसरीकडे दाऊदखानाला फौज देऊन राजगड, रोहिड्याच्या बाजूची गावं जाळायला पाठवलं. म्हणजे तटावर मारा चालू असताना जयसिंग तटामागच्या माणसांची घरं आणि शेतं लक्ष्य करत होता. हा मनुष्य दख्खनचा गड कसा जिंकतात ते जाणून आला होता.

पुरंदरचे किल्लेदार मुरारबाजी देशपांडे मूळचे महाडकडचे. मे महिन्यात त्यांनी निवडक ७०० जण घेऊन दिलेरखानाच्या फौजेवर छापा घातला. सभासदाच्या बखरीत ही हकिकत येते: खान त्यांच्या मर्दुमकीवर खूश होऊन अभयाचा कौल देऊ लागला, त्यांनी तो झिडकारला आणि लढता लढता ते पडले. त्यानंतरही गड पडला नाही, हे लक्षात ठेवा. नायक गेल्यावर आतली माणसं लढतच राहिली. माचीचे काही बुरूज मोगलांनी घेतले, बालेकिल्ला मात्र शेवटपर्यंत घेता आला नाही. ११ जूनला राजे जयसिंगाच्या छावणीत गेले, ते गड टिकत नाही एवढ्याच कारणाने नव्हे. आत कुटुंबं होती, बाहेर मुलूख जळत होता, पावसाळा तोंडावर होता आणि पेरण्या व्हायच्या होत्या.

तहाच्या कलमांतही हेच दिसतं. २३ किल्ले द्यायचे, त्यांखालचा चार लाख होनांचा (होन म्हणजे सोन्याचं नाणं) मुलूख. १२ किल्ले राजांकडे, त्यांखालचा एक लाख होनांचा मुलूख. किल्ल्यांची किंमत तटाच्या उंचीवर लावलेली नाही, त्याच्याखालच्या गावांच्या वसुलावर लावलेली आहे. गड आणि प्रांत हे तेव्हाच्या माणसांना वेगळे दिसतच नव्हते. आपण वेगळे पाहतो कारण आपण गडावर सहलीला जातो.

८ मार्च १६७० ला निळोपंत मुजुमदारांनी पुरंदर परत घेतला. मला ठाऊक असलेल्या हस्तांतरांत सरळ हल्ला करून घेतल्याचं ठळक उदाहरण हेच. पण पाच वर्षं मोगलांकडे असूनही घेरा आणि पठार आपल्याच माणसांचं राहिलं होतं, हे त्या यशाचं एक कारण होतं असं मी मानतो.

औरंगजेबाच्या काळात गड पुन्हा गेला, आला. त्या धामधुमीनंतर तो पंतसचिवांकडे, म्हणजे अष्टप्रधानांतल्या सचिवांच्या घराण्याकडे, होता. आणि मग येतो बाळाजी विश्वनाथांचा काळ, ज्यात सासवड पहिल्यांदा राजकारणाच्या मध्यभागी आलं. पेशवे होण्यापूर्वीपासून बाळाजीपंतांचं बस्तान सासवडला होतं, तिथल्या पुरंदरे घराण्याच्या आधाराने. शाहू महाराजांचे सेनापती चंद्रसेन जाधव यांच्याशी बिघडलं तेव्हा जीव वाचवायला ते पुरंदराकडे धावले, तर गडाच्या अधिकाऱ्याने आत घेतलं नाही आणि त्यांना पांडवगडाकडे जावं लागलं. काही वर्षांतच चित्र फिरलं. दमाजी थोराताच्या कैदेतून सचिवांची सुटका करण्यात बाळाजीपंतांचा हात होता, आणि त्याची फेड म्हणून सचिवांच्या घराने पुरंदर त्यांच्या हवाली केला. ज्या दारातून माघारी फिरावं लागलं तो गड असा उपकाराच्या बदल्यात मिळाला.

बाळाजीपंत १७२० मध्ये सासवडलाच वारले. त्यांची समाधी कऱ्हेकाठी आहे. बाजीरावांनी मुक्काम पुण्याला हलवला, १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. पुण्याच्या पेठा ज्या दरबारामुळे वाढल्या तो दरबार दिवे घाट उतरून आलेला आहे, हे पुणेकर सहसा विसरतात. सासवडचे पुरंदरे वाडे बघा. त्यांच्या प्रवेशाची भव्यता बघितली की शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतोच. सोनोरीला पानसे सरदारांनी बांधलेला मल्हारगड आहे, महाराष्ट्रात शेवटी शेवटी बांधल्या गेलेल्या किल्ल्यांपैकी एक. पानसे तोफखान्याचे सरदार. तोफांच्या जमान्यातही दिवे घाटाच्या माथ्यावर लक्ष ठेवायला गड लागतच होता.

पेशव्यांच्या हाती पुरंदर स्थिर राहिला म्हणावं, तर १७६४ च्या सुमाराला गडाच्या नव्या कारभाऱ्यांनी पिढीजात कोळी पहारेकऱ्यांना दूर केलं. त्या कोळ्यांनी काही दिवसांतच पुरंदर आणि वज्रगड दोन्ही ताब्यात घेतले. मराठी राज्याचा विस्तार मोठा असताना, खुद्द पुण्याच्या दक्षिणेला, पेशव्यांचा गड त्याच्याच राखणदारांनी घेतला आणि तो परत मिळवायला महिने लागले. पुरंदरावर एकच प्रकरण वाचायचं असेल तर हे वाचा. तटाची उंची, दरवाजे, तोफा काहीही कामाला आलं नाही. ज्यांना वाटा ठाऊक होत्या त्यांना दुखावलं होतं.

यानंतर दहाच वर्षांनी हाच गड राज्याची राजधानी झाला, नावाने नसला तरी कामाने. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नारायणरावांचे चुलते राघोबादादा यांच्या विरोधात जमलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे नाना फडणीस, सखारामबापू आणि बारभाईंच्या मंडळींनी, तिला पुरंदरावर हलवलं. १८ एप्रिल १७७४ ला तिथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या मुलाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. पुढे काही वर्षं मराठी राज्याचा कारभार माचीवरून चालला. दप्तर, कारकून, वकील, जासूद, सगळ्यांची येजा सासवडमार्गे. कलकत्त्याहून आलेला इंग्रजांचा वकील कर्नल अप्टन याच गडावर आला आणि १ मार्च १७७६ चा तह इथेच झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबांनी कोपरगावला राहायचं ठरलं. ‘पुरंदरचा तह’ या नावाचे तह दोन आहेत, १६६५ चा आणि १७७६ चा, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी १८१७ मध्ये त्रिंबकजी डेंगळ्यांच्या प्रकरणात इंग्रजांनी तारण म्हणून सिंहगड, रायगड आणि पुरंदर मागून घेतले. नंतर परत केले. मार्च १८१८ मध्ये जनरल प्रित्झलरच्या फौजेपुढे वज्रगड आणि पाठोपाठ पुरंदर शरण गेला. प्रतिकार काही दिवसांचाच झाला.

इतिहासाची पुस्तकं इथे थांबतात. घेऱ्याची गोष्ट मात्र इथेच सगळ्यात तीव्र होते. कंपनी सरकारला गडाची गरज नव्हती, म्हणून राखणदारांचीही नव्हती. रखवालीचे हक्क तुटले, रामोशी आणि कोळी घराण्यांची पिढीजात मिळकत गेली. पुरंदरापासून जवळच भिवडी गाव आहे. तिथे १७९१ मध्ये जन्मलेले उमाजी नाईक अशाच पुरंदराच्या राखणदार घराण्यातले. त्यांनी याच डोंगरांच्या आधाराने कंपनी सरकारला वर्षानुवर्षं झुंजवलं. मध्ये एकदा सरकारने माफी देऊन त्यांना कामावरही घेतलं, पण हक्क परत मिळाले नाहीत आणि ते पुन्हा उठले. ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिलं. शाळेत त्यांचा धडा वेगळा आणि पुरंदराचा वेगळा शिकवतात. मी तो एकत्रच सांगतो.

इंग्रजांनी माचीवर बराकी आणि चर्च बांधलं, आजारी गोऱ्या शिपायांना हवापालटासाठी तिथे ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिकांना गडावर नजरकैदेत ठेवलं होतं. आज गड लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र लागतं आणि संध्याकाळपूर्वी उतरावं लागतं. काहींना याचा राग येतो. मला उलट वाटतं की त्यामुळे माची हॉटेलांपासून आणि कचऱ्यापासून वाचली.

जायचं असेल तर क्रम उलटा करा. पहिला दिवस सासवड: संगमेश्वर, सोपानदेवांची समाधी, बाळाजीपंतांची समाधी, पुरंदरे वाडे. तिथून सोनोरीचा मल्हारगड, म्हणजे घाट आणि पठार एका नजरेत येईल. दुसऱ्या दिवशी भिवडी, नारायणपूर आणि मग गड. माचीवर वेळ काढा, भैरवखिंडीत उभं राहून वज्रगडावरून माची किती उघडी पडते ते बघा. कागद बघायचे असतील तर पुण्यातच सगळं आहे: पुराभिलेखागारात पेशवे दप्तर, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडी शिकायला वर्षं लागत नाहीत, रोज तासभर बसलात तर काही महिन्यांत हात बसतो.

आणि एक काम हातात घेता आलं तर घ्या. विमानतळासाठी पुरंदर तालुक्यातल्या पारगाव, खानवडी, कुंभारवळण अशा गावांची नावं येत आहेत. प्रकल्पाबद्दल तुमचं मत काहीही असो, या गावांतले वीरगळ, सतीशिळा, जुन्या विहिरींवरचे लेख, पारावरचे दगड यांची फोटोंसह नोंद आत्ताच करायला हवी. फोटोबरोबर जागा, दिशा आणि दगडाचं माप लिहा, गावातल्या जाणत्या माणसाकडून त्याला काय म्हणतात ते विचारा, आणि नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.